बोटांच्या पडद्यावर बाण

हातातून निसटलेला मोबाइल बरोबर काचेवरच पडतो. राजारामपुरी असो की शाहूपुरी, कोल्हापुरातल्या मोबाइल दुरुस्तीच्या काउंटरला असे फोन रोजचेच. स्क्रीनवर कोळ्याचं जाळं पसरलेलं असतं, खालचं चित्र दिसत असतं, पण बोट कितीही फिरवलं तरी काही हलत नाही. ग्राहकाला फोनची तेवढी काळजी नसते, जेवढी आतल्या फोटोंची असते. नातवाच्या बारशाचे, गावाकडच्या घराचे, आता नसलेल्या माणसांचे ते फोटो.

अशा वेळी जाणता कारागीर ड्रॉवरमधून अंगठ्याएवढा ओटीजी अडॅप्टर काढतो, त्यात संगणकाचा जुना वायरवाला माऊस खोचतो आणि अडॅप्टरचं दुसरं टोक फोनच्या चार्जिंगच्या खाचेत सरकवतो. क्षणभर काहीच होत नाही. मग तडे गेलेल्या काचेखाली एक छोटासा बाण उगवतो.

त्या बाणाने कारागीर स्क्रीनवरचं पॅटर्नचं कुलूप उघडतो. मग तो एक गोष्ट करतो, जी बघणाऱ्याच्या सहसा लक्षात येत नाही. सेटिंग्जमध्ये जाऊन तो ब्लूटूथ चालू करतो, दुसरा एक बिनवायरचा माऊस त्याला जोडतो आणि आधीचा वायरवाला काढून टाकतो. बाण जागेवरच राहतो, पण चार्जिंगची खाच आता मोकळी झालेली असते. तिथे पेनड्राइव्ह लावून फोटो उतरवून घेता येतात. खाच एकच आणि कामं दोन, ही अडचण ब्लूटूथने सोडवलेली असते.

फोनच्या जाहिरातीत हा बाण कधी दिसत नाही. बोटांसाठी बनवलेल्या यंत्रात तो येतो कुठून, याचं उत्तर फोनच्या पोटातल्या लिनक्सपर्यंत जातं.

खिशातला कारभारी

हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने १९९१ साली आपल्या घरच्या संगणकासाठी एक प्रणाली लिहायला घेतली. तिचा गाभा म्हणजे लिनक्स. वापरणाऱ्याला तो दिसत नाही. एका बाजूला आपण चालवतो ते प्रोग्रॅम आणि दुसऱ्या बाजूला यंत्राचे सुटे भाग, यांच्यामधला तो कारभारी आहे. स्मृती कुणाला किती द्यायची, बटण दाबल्याची वर्दी कुणाला द्यायची, बॅटरी कुठे वाचवायची, हे सगळं तो बघतो. त्याचा मूळ मजकूर सगळ्यांना खुला असल्यामुळे जगभरच्या हजारो हातांनी तो घडवला.

२००८ मध्ये अँड्रॉइडचा पहिला फोन बाजारात आला आणि हाच गाभा लोकांच्या खिशात गेला. अँड्रॉइड वरून वेगळं दिसतं, पण खाली लिनक्सच आहे. २०२१ पासून ई-पीक पाहणीच्या अॅपवर बांधावर उभं राहून आपल्या उसाची नोंद करणारा करवीर तालुक्यातला शेतकरी लिनक्सवर चालणारं यंत्रच हातात धरून असतो. ‘लिनक्स म्हणजे कॉम्प्युटरवाल्या पोरांचं काहीतरी’ असं म्हणणाऱ्यांच्याही शर्टाच्या खिशात बहुधा तेच असतं.

या गाभ्याला माऊस नवा नाही. संगणकावर वाढलेल्या लिनक्सला माऊसची भाषा जुन्या सवयीची आहे. अँड्रॉइडने २०११ च्या ३.१ आवृत्तीपासून बाहेरचा माऊस आणि कीबोर्ड यांना रीतसर दार उघडलं. त्याआधी टचस्क्रीनच्या मागे कारभारी तयार होता, दिवाणखान्यात मात्र पाहुण्याला खुर्ची नव्हती.

एक खुलासा इथे करायला हवा. आयफोनच्या आत लिनक्स नाही. तिथे माऊसची सोय २०१९ मध्ये आली, तीही मुख्यतः बोटांनी काम करणं अवघड जाणाऱ्यांसाठी दिलेल्या सुविधांच्या भागात.

एक देशी यंत्र, एक साखर कारखाना

हातात मावणारा लिनक्सचा संगणक ही कल्पना फोनच्या आधीची आहे आणि तिचा एक मोठा अध्याय कोल्हापूरच्या शेजारच्याच राज्यात लिहिला गेला. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले विजय चंद्रू, स्वामी मनोहर, रमेश हरिहरन आणि व्ही. विनय यांनी एन्कोर सॉफ्टवेअर या कंपनीबरोबर ‘सिम्प्युटर’ घडवला. एप्रिल २००१ मध्ये त्याचा नमुना लोकांसमोर आला. तळहातावर राहील एवढा पडदा, टोकदार पेनाने चालवायची सोय, स्मार्टकार्ड घालायची खाच, भारतीय भाषांत बोलून दाखवायची क्षमता आणि आत लिनक्स. किंमत नऊ हजार रुपयांच्या आसपास ठेवायची, म्हणजे एक यंत्र आणि गावातल्या प्रत्येकाचं वेगळं कार्ड अशी वाटणी करता येईल, असा हिशेब होता.

योगायोग असा की त्याच २००१ च्या जुलैमध्ये लिनक्सच्या २.४.६ या आवृत्तीत ‘ब्लूझी’ दाखल झालं. क्वालकॉम कंपनीतल्या मॅक्स क्रास्नयान्स्की यांनी लिहिलेला हा भाग म्हणजे लिनक्सला ब्लूटूथ शिकवणारी शाळा. हातातला लिनक्स आणि लिनक्समधलं ब्लूटूथ असे एकाच वर्षी जगासमोर आले.

सिम्प्युटर २००४ मध्ये ‘अमिडा’ या नावाने विक्रीलाही आला. यंत्र तिरपं केलं की ते ओळखणारा संवेदक त्यात होता. आज प्रत्येक फोनमध्ये असतो तो त्या वेळी नवलाचा होता. पण विक्री काही हजारांच्या पुढे सरकली नाही. तोवर स्वस्त मोबाइलने गावात पाय रोवले होते आणि लोकांना आधी बोलायचं होतं.

याच काळात कोल्हापूर जिल्ह्यात दुसरा एक प्रयोग चालू होता. पन्हाळा तालुक्यातल्या वारणानगरला, तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या सहकाराच्या पसाऱ्यात, १९९८ मध्ये ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली ७० गावं संगणकाने जोडायची, अशी ती योजना होती. केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणा समूह यांनी मिळून पैसा घातला. गावोगावी संगणकाची केंद्रं उघडली. शेतकरी तिथे जायचा, केंद्रचालक माऊस हलवायचा आणि साखर कारखान्याला गेलेल्या उसाचं वजन, उचललेलं खत, येणं-देणं यांची माहिती निघायची.

काही वर्षांनी तिथे मायक्रोसॉफ्टच्या बंगळुरूच्या संशोधन शाखेतली मंडळी आली. संगणकाचा नेमका उपयोग काय होतो, हे त्यांनी बघितलं आणि सरळ प्रश्न केला, की एवढ्याच कामासाठी संगणक लागतो का? सात गावांत आठ महिने चाचणी झाली. शेतकऱ्याने आपल्या साध्या मोबाइलवरून एसएमएस पाठवायचा आणि उत्तर एसएमएसनेच मिळवायचं. कारखान्याच्या बाजूला एक संगणक होता आणि त्याला वायरने जोडलेला एक मोबाइल निरोपांची ने-आण करत होता. संगणकाची सगळी कामं या पद्धतीने झाली, खर्च कमी आला आणि शेतकऱ्यांना ती अधिक पसंत पडली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचं नावच ‘वारणा अनवायर्ड’ असं होतं.

म्हणजे वारणेच्या खोऱ्यात मोबाइलने संगणकाला बाजूला केलं, आणि माऊसलाही. आता त्याच मोबाइलला माऊस जोडला जातो आहे. उलटी गंगा वाटते खरी, पण दरम्यान मोबाइल स्वतःच संगणक झाला. त्या चाचणीतल्या साध्या फोनला बाण दाखवताच आला नसता. आजचा फोन मागितल्याबरोबर दाखवतो.

बोट पत्ता सांगतं, माऊस दिशा

बोट आणि माऊस यांच्यातला फरक नीट कळला की पुढचं सगळं सोपं होतं.

टचस्क्रीनवर बोट टेकलं की पडदा गाभ्याला ठिकाण कळवतो, अमुक आडवं आणि अमुक उभं. हा थेट पत्ता झाला. कुणाला ‘बिंदू चौकात ये’ म्हटलं की तो कुठूनही निघाला तरी बिंदू चौकातच पोचतो. माऊस असं काही सांगत नाही. तो म्हणतो, ‘थोडं उजवीकडे, अजून जरासं, आता वर.’ आपण पडद्यावर कुठे आहोत, हे माऊसला ठाऊकच नसतं. त्याला पडदा आहे हेसुद्धा माहीत नसतं.

माऊसच्या पोटात छोटा दिवा आणि एक अगदी साधा कॅमेरा असतो. टेबलाच्या पृष्ठभागाची बारीक चित्रं तो सेकंदाला शेकडो-हजारो वेळा टिपतो आणि आधीच्या चित्राशी ताडून आपण किती सरकलो ते काढतो. ही चित्रं तो कुणाला पाठवत नाही. पाठवतो फक्त आकडे. माऊसच्या सगळ्यात साध्या निरोपात तीन बाइट असतात. पहिल्यात कोणती बटणं दाबली आहेत ते, दुसऱ्यात आडवी हालचाल, तिसऱ्यात उभी. ‘०, ५, उणे २’ असा निरोप आला तर अर्थ असा, की कोणतंही बटण दाबलेलं नाही, पाच पावलं उजवीकडे, दोन पावलं वर.

आता ‘कुठून’ पाच पावलं, हे कुणीतरी लक्षात ठेवायला हवं. तो हिशेब म्हणजेच बाण. बोटासाठी बनवलेल्या यंत्रात बाणाची गरज नसते, कारण बोट स्वतःच बाण असतं. म्हणून माऊस लागल्याबरोबर अँड्रॉइड एक बाण तयार करून पडद्यावर ठेवतं आणि येणारी प्रत्येक हालचाल त्याच्या जागेत मिळवत जातं. हातातल्या काही छोट्या लिनक्स यंत्रांत, विशेषतः हौशी लोकांनी स्वतः जोडलेल्या यंत्रांत, ही वरची सोय नसते. तिथे माऊस व्यवस्थित जोडला जातो, हालचालींचे आकडे आत येतही राहतात, पण पडद्यावर काहीच दिसत नाही. माणूस माऊसला नावं ठेवतो, पण गडबड बाण काढणाऱ्याकडे असते.

ड्रायव्हरची सीडी का लागत नाही, हेही इथेच सांगायला हवं. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी संगणकाला काहीही जोडायचं म्हणजे सोबतची सीडी शोधण्यापासून सुरुवात व्हायची. आजचा माऊस आपली कुंडली सोबत घेऊन येतो. ‘माझी बटणं इतकी, एक चाक आहे, हालचाल इतक्या आकड्यांत सांगेन’ असं वर्णन तो जोडणीच्या वेळीच पुढे करतो. ‘ह्यूमन इंटरफेस डिव्हाइस’, म्हणजे माणसाच्या हातात राहणाऱ्या उपकरणांसाठी ठरलेली ही पद्धत आधी यूएसबीच्या वायरसाठी आखली गेली. ब्लूटूथने तीच जवळजवळ जशीच्या तशी उचलली. त्यामुळे गाभ्याच्या दृष्टीने वायरचा माऊस काय आणि हवेतला काय, निरोप सारखेच असतात. फक्त दार वेगळं.

महाद्वार रोडवरचं बोलणं

ते हवेतलं दार म्हणजे ब्लूटूथ. स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत १९९४ मध्ये याप हार्टसन यांनी त्यावर काम सुरू केलं. १९९८ मध्ये एरिक्सन, नोकिया, आयबीएम, इंटेल आणि तोशिबा अशा पाच कंपन्या एकत्र आल्या आणि हे सगळ्यांचं सामाईक मानक झालं. नाव आलं दहाव्या शतकातल्या डेन्मार्कच्या हाराल्ड ‘ब्लूटूथ’ या राजावरून. विखुरलेल्या टोळ्या एकत्र आणणारा राजा म्हणून त्याची ख्याती होती. ब्लूटूथच्या चिन्हात दिसणारी ती काटेरी आकृती त्याच्या नावाच्या दोन आद्याक्षरांची जुन्या रून लिपीतली जोडाक्षरासारखी गुंफण आहे.

ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतं. भारतात या पट्ट्यातल्या कमी ताकदीच्या उपकरणांना परवान्यातून सूट देणारे नियम २००५ मध्ये आले. परवाना नाही म्हटल्यावर गर्दी आलीच. वायफाय तिथेच, बिनवायरचे कीबोर्ड तिथेच, आणि मायक्रोवेव्ह ओव्हनची गळतीही तिथेच. दिवाळीच्या खरेदीला महाद्वार रोडवर दोघांनी एकमेकांशी बोलायचं, तसला प्रकार. यावर ब्लूटूथची युक्ती अशी, की एका जागी उभं राहायचंच नाही. मूळ ब्लूटूथ या पट्ट्याचे ७९ भाग करतं आणि दोन्ही उपकरणं आधी ठरवलेल्या क्रमाने सेकंदाला १,६०० वेळा जागा बदलत बोलतात. एखाद्या भागात गोंगाट असला तर तेवढा शब्द हुकतो आणि पुढच्या जागी पुन्हा सांगितला जातो. नंतर आलेल्या कमी वीज खाणाऱ्या ब्लूटूथमध्ये ४० भाग आहेत. त्यांतले तीन फक्त ‘मी इथे आहे’ अशी हाळी देण्यासाठी राखून ठेवलेले आहेत.

आजचे बरेचसे माऊस या दुसऱ्या प्रकारातले. ते दर साडेसात मिलिसेकंदांनीही बोलू शकतात आणि उरलेल्या वेळी झोपतात. दोन पेन्सिल सेलवर महिनोन्महिने चालण्याचं रहस्य या डुलक्यांत आहे.

ओळख, विश्वास, जोडणी

आता प्रत्यक्ष जोडणी. अँड्रॉइड फोनवर ती मिनिटाभराची. माऊस चालू करायचा आणि त्याच्या तळाचं किंवा बाजूचं जोडणीचं बटण दिवा भराभर लुकलुकेपर्यंत दाबून धरायचं. फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘कनेक्टेड डिव्हाइसेस’ किंवा ‘ब्लूटूथ’ उघडून ‘पेअर न्यू डिव्हाइस’वर टेकायचं. यादीत माऊसचं नाव आलं की ते निवडायचं. माऊसला पडदा नाही आणि आकड्यांची बटणं नाहीत, त्यामुळे पासवर्ड जुळवण्याचा खटाटोप सहसा नसतोच. जुने काही माऊस चार शून्यं मागत, तेवढंच.

बाण आला की चाकाने वर-खाली सरकता येतं, डावं बटण बोटाच्या टिचकीचं काम करतं आणि दाबून धरलं की ‘लाँग प्रेस’ होतो. बऱ्याच फोनांत उजवं बटण ‘मागे’ नेतं. बाण फार पळत असेल किंवा रेंगाळत असेल, तर सेटिंग्जमधला ‘पॉइंटर स्पीड’ बदलायचा.

फोनपलीकडची हातातली लिनक्स यंत्रंही आता परकी राहिलेली नाहीत. २०२२ मध्ये आलेलं ‘स्टीम डेक’ हे गेम खेळायचं यंत्र आर्च या लिनक्सवर उभं आहे. त्याच्या पॉवरच्या बटणातून ‘डेस्कटॉप’वर गेलं की समोर चक्क पूर्ण संगणक उभा राहतो. सात इंची पडद्यावरच्या तिथल्या बारीक खुणा बोटाने टिपताना जी कसरत होते, ती ब्लूटूथ माऊसने थांबते. रास्पबेरी पाय या खेळायच्या पत्त्याएवढ्या संगणकात २०१६ पासून ब्लूटूथ आतच आहे. त्याला छोटा पडदा आणि बॅटरी लावून हातातलं यंत्र बनवणं हा इंजिनिअरिंगच्या मुलांचा आवडता उद्योग.

अशा यंत्रांत खिडक्या आणि बटणांचा थाट नसला, तर काळ्या पडद्यावर ‘ब्लूटूथसीटीएल’ नावाचा छोटा प्रोग्रॅम कामाला येतो. त्याचे हुकूम वाचले तर अनोळखी दोघांची गाठ कशी पडते, ते क्रमाने समजतं. ‘पॉवर ऑन’ म्हणजे रेडिओ जागा करा. ‘एजंट ऑन’ म्हणजे मध्यस्थ बसवा. ‘स्कॅन ऑन’ म्हणजे आसपास कोण हाळी देतंय ते ऐका. मग माऊसचा पत्ता दिसतो, अक्षर-आकड्यांच्या सहा जोड्यांचा. तो घालून ‘पेअर’ म्हटलं की दोघं मिळून एक गुप्त किल्ली ठरवतात. ‘ट्रस्ट’ म्हणजे पुढच्या वेळी हा दारात आला तर मला विचारू नका, आत घ्या. आणि शेवटी ‘कनेक्ट’.

यातली ‘ट्रस्ट’ची पायरी घाईत गाळली जाते. मग आज छान चाललेला माऊस उद्या यंत्र पुन्हा चालू केल्यावर ओळखच दाखवत नाही. ‘काल तर चालत होता’ या तक्रारीचं हे नेहमीचं कारण.

दुसरं कारण त्या गुप्त किल्लीत दडलेलं असतं. साधा माऊस एकाच मालकाची किल्ली जपतो. ऑफिसच्या लॅपटॉपशी जोडला की फोनची किल्ली त्याच्याकडून पुसली जाते. फोनच्या यादीत मात्र त्याचं नाव तसंच राहतं. फोन जुन्या किल्लीने दार वाजवत बसतो आणि माऊस उघडत नाही. उपाय सोपा. फोनच्या यादीतून माऊस ‘फर्गेट’ करायचा आणि ओळख नव्याने करायची. थोडे जास्त पैसे मोजले तर दोन-तीन यंत्रांच्या किल्ल्या ठेवणारे माऊस मिळतात. त्यांच्या तळाशी १, २, ३ अशा आकड्यांचं बटण असतं.

बाकीच्या खोड्या किरकोळ. सेल उतरले की बाण अडखळतो. लोखंडी टेबल, अंगाआड ठेवलेला फोन किंवा शेजारी चालू असलेली यूएसबी ३ ची हार्ड डिस्क यांनी लहरी मंदावतात. काचेच्या टेबलावर साध्या माऊसच्या कॅमेऱ्याला टिपायला काही खूणच सापडत नाही. तिथे कालचं वर्तमानपत्र खाली घातलं की काम होतं.

दुकानात मात्र एक घोटाळा हमखास होतो. ‘वायरलेस माऊस द्या’ म्हटलं की बहुतेक वेळा नखाएवढं डोंगल असलेला माऊस हातात पडतो. तो त्याच २.४ गिगाहर्ट्झमध्ये बोलतो, पण त्याची भाषा ब्लूटूथ नसते. तो फक्त आपल्या डोंगलशी बोलतो. घरी येऊन फोनच्या यादीत तो कितीही शोधला तरी सापडायचा नाही. डोंगल ओटीजी अडॅप्टरला लावलं तर तो फोनवर चालतो, पण मग चार्जिंगची खाच अडते. खोक्यावर ब्लूटूथचं चिन्ह आहे का, एवढं बघितलं की पुढचा हेलपाटा वाचतो.

दारावरची कडी

पासवर्ड न मागणाऱ्या या सोयीला एक दुसरी बाजू आहे. डिसेंबर २०२३ मध्ये मार्क न्यूलिन या सुरक्षा संशोधकाने दाखवून दिलं, की जवळपास बसलेला कुणी आपलं यंत्र ब्लूटूथ कीबोर्ड असल्याची बतावणी करून फोन किंवा संगणकाशी परस्पर जोडू शकतो आणि मालकाच्या नकळत अक्षरं टाइप करू शकतो. अँड्रॉइड, लिनक्स, आयफोन, मॅक, सगळ्यांतच ही फट होती.

लिनक्सची फट तर नवलाची. बंदोबस्ताची कडी २०२० मध्येच बसवलेली होती, पण ती मुळातून उघडी ठेवलेली होती. २०२३ नंतर ती मुळातूनच लावली जाऊ लागली, आणि रीतसर ओळख न करता जोडले जाणारे प्लेस्टेशन ३ चे जुने कंट्रोलर काही यंत्रांवर अचानक चालेनासे झाले. एकाची सुरक्षा वाढली की दुसऱ्याची सोय थोडी कमी होते, त्याचं हे ताजं उदाहरण. सामान्य वापरणाऱ्याने फोनचे अपडेट घेत राहावेत, आणि आपण काही जोडत नसताना ‘जोडणी करू का?’ असा प्रश्न पडद्यावर आला तर सरळ नाही म्हणावं.

माऊसची गरज कुणाला

प्रत्येकाला फोनवर माऊस लागत नाही. बसमध्ये उभं राहून रील बघणाऱ्याला तो अडगळच. पण काही माणसांचं रोजचं काम त्याने बदलतं. हात थरथरणाऱ्या वयस्क माणसाला छोट्या चौकोनावर बोट नेमकं टेकवता येत नाही. माऊस टेबलावर टेकलेला असतो, हाताला आधार मिळतो आणि बाण सावकाश नेऊन मग बटण दाबता येतं. बोटांना भाजलेल्या किंवा यंत्रात दुखापत झालेल्या कामगारालाही तोच आधार. उद्यमनगर आणि शिरोलीच्या शेड्समध्ये हातांवर काय काय बेततं, हे कोल्हापूरला सांगायला नको. टचस्क्रीनला कोरडं, उघडं बोट लागतं. हातमोज्याला आणि ऑइलला ती दाद देत नाही.

आणखी एक वर्ग म्हणजे घरात संगणक नसलेले. २०२० मध्ये शाळा बंद पडल्या तेव्हा असंख्य घरांत एकुलता एक मोबाइल हाच वर्ग, हाच फळा झाला होता. फोन वायरने टीव्हीला लावून संगणकासारखा वापरायची सोय काही महागड्या फोनांत २०१७ पासून आहे. टीव्हीवर पसरलेल्या त्या पडद्याला बोट कुठून लावणार? तिथे माऊस आणि कीबोर्ड लागतातच. अर्ज भरणं, हिशेबाचा तक्ता करणं, सातबारावरचा बारीक मजकूर मोठा करून वाचणं, ही कामं मग टेबलावर बसून होतात.

यंत्र उघडून बघायची खोड या गावाला जुनीच आहे. बाबूराव पेंटर यांनी शंभर वर्षांपूर्वी परदेशी कॅमेऱ्याची वाट न बघता इथेच चित्रपटाचा कॅमेरा बनवला आणि ‘सैरंध्री’ काढला. दुरुस्तीच्या काउंटरवरचा कारागीर काही शोध लावत नाही. आत काय आहे, एवढं त्याला माहीत असतं.

त्या काउंटरवर फोटोंची नक्कल अजून चालू आहे. हजारभर फोटो आणि हळू चालणारा पेनड्राइव्ह. ग्राहक स्टुलावर बसून हिरवी पट्टी सरकताना बघतोय. माऊसला हात न लावता थोडा वेळ गेला, तसा पडद्यावरचा बाण नाहीसा झाला.

“गेलं काय सगळं?” ग्राहक उठून उभाच राहतो.

“काही गेलं नाही काका. झोपला असंल. हलवा की जरा.”

काका दोन बोटांनी माऊस इंचभर ढकलतात. पहिल्या क्षणी काही होत नाही. मग तडे गेलेल्या काचेखाली, होता तिथेच, बाण पुन्हा दिसतो.